नर्सबाई समजावून सांगतात तेव्हा



आज नर्सबाईंविषयी चार शब्द बोलायचे आहेत. नर्स म्हटले की आपल्याला सुई आठवते. डॉक्टर सांगतील तेवढेच तिने करायचे, असे पुष्कळांना वाटते. आता तसे राहिलेले नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. डोंगराळ मुलूख. तिथल्या खेड्यापाड्यांत मुलांना वेळेवर डॉक्टर मिळत नसे. १९६५ साली लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे डॉक्टर, या दोघांनी तिथल्या विद्यापीठात एक नवे शिक्षण सुरू केले. अनुभवी नर्सला आणखी शिकवायचे. मूल कसे तपासावे, साध्या दुखण्यावर काय उपचार करावा, आणि आईला कसे समजावून सांगावे. अशा नर्सला तिकडे 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणतात. गंमत अशी, की प्रथम विरोध करणाऱ्यांत काही नर्सबाईच होत्या! पण काम चांगले होते, म्हणून टिकले. आज तिकडे अशा नर्स रोगी तपासतात आणि औषधही लिहून देतात.

आपल्याकडे हे नाव अजून रुळलेले नाही. बाळंतपणासाठी असे दीड वर्षाचे शिक्षण २०१८ साली ठरले. त्याच साली उपकेंद्रांतही बदल सुरू झाला. उपकेंद्र म्हणजे साधारण पाच हजार वस्तीमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक. तिथे 'समुदाय आरोग्य अधिकारी' नेमू लागले. कुठे ही पदवी घेतलेली नर्स असते, कुठे आयुर्वेदाचे डॉक्टर असतात. एवढे लांब नाव कोण घेतो? गावात सगळे सिस्टरच म्हणतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तिथे तपासतात. गरज पडली तर सिस्टर फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेतात.

समजा, एक आबा आले. वय साठ. दाब निघाला १७० वर १००. एकशेचाळीस वर नव्वद, किंवा त्याच्या पुढे दाब वारंवार निघाला, तर तो वाढलेला समजतात. आबांना गोळी चालू होती, पण त्यांनी ती सोडली होती.

"आबा, गोळी का सोडली?"

"बरं वाटाया लागलं की, ताई. डोकं बी दुखत न्हाई. मग उगी कशापायी खायाची?"

"आबा, विहिरीवरची मोटर पाणी जोरात रेटते. पाइप फुटायच्या आधी सांगतो का, की मी आता फुटणार?"

"न्हाई बा. एकदम फुटतोय."

"तशीच रक्ताची नळी. डोक्यातली फुटली तर हातपाय लुळे पडतात. दुखत नाही म्हणून दाब उतरला असं नाही. गोळी आहे तोवर दाब खाली. विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

मग सिस्टरनी सूनबाईंनाही आत बोलावले. कारण मिठाचा डबा त्यांच्या हाती! लोणचे, पापड, खारा मासा किती होतो, आबा तंबाखू खातात का, हे सगळे विचारले. याला दहा मिनिटे लागली. बाहेर रांगेतले लोक कुरकुरले, "गोळी द्या न् मोकळं करा, भाषण कशाला?" मला विचाराल तर ती दहा मिनिटे हेच औषध होते. गोळी घरी खायची असते. घरी ना डॉक्टर असतो, ना नर्स.

लेकराच्या जुलाबाचेही तसेच. जीव जातो तो अंगातले पाणी संपल्यामुळे. सिस्टर मीठसाखरेची पुडी देतात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट, शीग लावलेले नाहीत. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. म्हणून हुशार सिस्टर नुसते सांगत नाहीत, आईच्या हातून तिथेच करवून घेतात. जस्ताची गोळी देतात, ती चौदा दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणीही पीत नाही, किंवा शीत रक्त दिसले, तर मात्र घरी थांबायचे नाही.

सिस्टर सगळेच करतात असे नाही. छातीत कळ आली, साप चावला, तोंड वाकडे झाले, तर त्या १०८ ची गाडी बोलावून पुढे पाठवतात. "इथंच बघा ना" म्हणून त्यांच्याशी वाद घालत बसू नका. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

आणि उपकेंद्रात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. वैदूने दिलेले चूर्ण असेल, तर तेही न्या. लपवू नका. सिस्टर फार तर थोड्या रागावतील.