उधारीच्या वहीतली शुगर

नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेले प्राध्यापक व विद्यार्थी, बिलोली, देगलूर, उमरी, भोकरचे डॉक्टर, गोदावरीचा पूल ओलांडून निजामाबाद-बोधनहून आलेले आमचे शेजारी, आणि मागच्या रांगांत बसलेल्या आशाताई, तुम्हा सर्वांचं धर्माबादेत स्वागत. आशाताई, पुढे खुर्च्या मोकळ्या आहेत. पुढे या. आज ज्या रुग्णांबद्दल बोलणं होणार आहे, त्यांच्या घरांचे उंबरे या सभागृहात सर्वांत जास्त तुम्हीच ओलांडले आहेत.

स्वागताध्यक्षाने आधी गावाची ओळख करून द्यावी असा रिवाज आहे. आमचं गाव लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. काल स्टेशनवर उतरल्या उतरल्या ज्यांना ठसका लागला, त्यांनी तो स्वागताचाच भाग समजावा. निजामाच्या काळात मनमाड-हैदराबाद रेल्वे इथून गेली आणि गाव वाढलं. पुढचं स्टेशन बासर, म्हणजे तेलंगण. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं पलीकडे गेली. नकाशावर रेघ आली, पण सोयरिकी तशाच राहिल्या आणि दवाखानेही तसेच राहिले. इथला माणूस तापाला इथे, छातीत दुखलं तर नांदेडला, पायाला जखम झाली तर निजामाबादला आणि घाबरला तर थेट हैदराबादला जातो. या फिरतीकडे मला पुन्हा यायचं आहे.

स्वागताध्यक्ष म्हणून समितीने एका औषध दुकानदाराला उभं केलं, याचं काहींना नवल वाटलं असेल. हा मान सहसा आमदारांचा, मोठ्या अडत्यांचा किंवा साखर कारखान्याच्या चेअरमनचा. मधुमेहाच्या परिषदेला साखर कारखान्याचे चेअरमन समितीला शोभले नसावेत, म्हणून माझा नंबर लागला. मी डॉक्टर नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मला जे दिसतं, तेवढंच सांगणार आहे.

डॉक्टरांना रुग्ण दिसतो तो चिठ्ठी लिहिताना. त्या चिठ्ठीचं पुढे काय होतं, ते आम्हाला दिसतं. महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि माणूस विचारतो, ‘दहाच देता का?’ जूनमध्ये पेरणी तोंडावर आली की घरातला पैसा बियाण्याला आणि खताला जातो. महिन्याची औषधं नेणारा पंधरा दिवसांची नेतो, मग पाच गोळ्यांवर येतो, आणि पोळ्याच्या सुमारास दिसेनासाच होतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन मोंढ्यात गेलं की तो येतो, मागची उधारी फेडतो आणि गोळ्या पुन्हा सुरू करतो. संशोधनाच्या तक्त्यात अशा माणसाची नोंद ‘औषधं अनियमित’ अशी होते. माझ्या वहीत तो अगदी नियमित आहे, दरवर्षी त्याच महिन्यात थांबतो आणि त्याच महिन्यात परततो.

आता विद्वानांना माझा पहिला प्रश्न. इंग्लंडमध्ये १९७७ साली मधुमेहाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा तो अभ्यास. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासात सुमारे एक चतुर्थांश घट दिसली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी सुरुवातीला सांभाळलेल्यांना फायदा पुढे कितीतरी वर्षं मिळत राहिला. शरीर सुरुवातीचे दिवस लक्षात ठेवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. मग दर खरिपात तीन महिने सुटणारी गोळी शरीर कशी लक्षात ठेवतं? सलग वाईट साखर आणि खंडाखंडाने वाईट साखर यांत डोळ्याच्या पडद्याला काही फरक पडतो का? इंग्लंडच्या रुग्णाला पेरणी करायची नव्हती. हे उत्तर इथेच शोधावं लागेल.

निमंत्रण पत्रिका छापून आली तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याने विचारलं, ‘मधुमेहाची गुंतागुंत, रक्तवाहिन्यांचे विकार आणि दीर्घ कोविड, तीन परिषदा एकाच मांडवात कशाला?’ मी त्याला कालव्याचं उदाहरण दिलं. कालव्याला आतून अस्तर असतं. ते तडकलं की वरून पाणी कितीही सोडा, शेवटच्या शेताला ते पोचत नाही. रक्तवाहिनीलाही आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, वाहिनी सैल ठेवतं, रक्त गोठू देत नाही. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर हे अस्तर खराब करते. तंबाखू करते, रक्तदाब करतो. आणि एप्रिल २०२० मध्ये झ्युरिकच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की कोविडचा विषाणूही याच अस्तराला सुजवतो. फुप्फुसाचा म्हणून आलेला आजार हृदयात, मेंदूत, पायात गुठळ्या का करतो, त्याचा उलगडा तिथून होऊ लागला. तेव्हा मांडव एकच आहे, कारण जखमेची जागा एकच आहे.

दीर्घ कोविड हे नाव घेऊन आमच्या काउंटरवर कोणी येत नाही. ‘त्या बिमारीपासून अंगात जीवच नाही’ असं म्हणतात. दोन जिने चढले की धाप, शेतात तासभर काम केलं की दोन दिवस अंथरूण, छातीत धडधड, बोलता बोलता शब्द विसरणं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या केली ती अशी, की संसर्गानंतर तीन महिन्यांनी असलेला, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसऱ्या कशाने उलगडा न होणारा त्रास. यातली शेवटची अट आमच्याकडे फार अवघड आहे. आमच्या बाईला थकवा आहे तो कोविडचा, रक्तक्षयाचा, न ओळखलेल्या शुगरचा की चार घरची कामं करण्याचा, हे ठरवायला ती आजारापूर्वी कशी होती ते माहीत असावं लागतं. ती नोंद कुठे आहे?

हाच पेच २०२१ मध्ये अधिक कडू रूपात आला. स्टिरॉइडने जीव वाचतात हे जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, पण ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे. ज्यांना ऑक्सिजन लागला नव्हता त्यांना त्याचा फायदा नव्हता. दुसऱ्या लाटेत हा फरक व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या चिठ्ठ्यांत विरघळून गेला. साध्या तापात दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड घेतलेली माणसं महाराष्ट्रभर होती. साखर चारशे-पाचशेवर गेली, काळ्या बुरशीने कुणाचा जबडा गेला, कुणाचा डोळा. त्या वर्षी ‘शुगर निघाली’ म्हणून ज्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांची शुगर विषाणूने आणली, औषधाने आणली की ती आधीपासूनच होती आणि कुणी तपासली नव्हती? अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींवरून हा हिशोब मांडता आला. कोविड झालेल्या १ लाख ८१ हजारांवर लोकांची तुलना करून २०२२ मध्ये सांगितलं गेलं की त्यांना नव्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. ते बहुतेक पुरुष, बहुतेक गोरे, साठीच्या आसपासचे. पण त्यांची आजारापूर्वीची साखर कागदावर होती, म्हणून उत्तर निघालं. आमच्या रुग्णाची फाईल म्हणजे खुंटीला टांगलेली कॅरीबॅग असते. त्यात निजामाबादचा एक्स-रे, नांदेडचा ईसीजी, कुण्या शिबिराची चिठ्ठी आणि लाइटबिल. इकडचं महात्मा फुले आरोग्य योजनेचं कार्ड तिकडे चालत नाही, तिकडची आरोग्यश्री योजना इकडे नाही. रेषेवरच्या माणसाच्या आजाराचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही राज्यांच्या आकड्यांत तो अर्धाच येतो.

एक बातमी मात्र आम्हा दुकानदारांना सुखावणारी. आमच्या फळीवरची एक स्वस्त, जुनी गोळी मेटफॉर्मिन. अमेरिकेतल्या एका चाचणीत वजन जास्त असलेल्या लोकांना कोविड होताच ती दिली, तर दहा महिन्यांत दीर्घ कोविडचं निदान झालेले ६.३ टक्के, आणि न दिलेल्यांत १०.४ टक्के. हे २०२३ चं. एका चाचणीवर गाव उठवू नये, हे मला कळतं. पण हजारो लोक आधीच ही गोळी रोज घेत असलेल्या तालुक्यात हा प्रश्न नुसता वाचून सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

संशोधन मोठ्या शहरातच होतं, असं ज्या विद्यार्थ्यांना वाटतं त्यांनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम वाचावं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. गरोदरपणी काय खाल्लं, बाळ किती वजनाचं झालं, आणि मग तीच मुलं मोठी होताना पुन्हा पुन्हा मोजली. बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. ‘मी तर काडीसारखा, मला कशी शुगर?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मला तो फोटो दाखवावासा वाटतो. याच खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त मातांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं होतं.

बी-१२ वरून पायाकडे येतो, कारण पायाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आमच्याकडे लोक सांगतात, ‘चप्पल पायातून निघून गेली तरी कळत नाही.’ हा बधीरपणा शुगरचा असू शकतो. बी-१२ कमी असल्याचाही असू शकतो, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी उतरतं. कुष्ठरोगाचाही असू शकतो, तो आपल्या भागातून गेलेला नाही. कारण कोणतंही असो, नांगरटीत, चिखलात, सोयाबीनच्या धसकटांत हा पाय अनवाणी जातो. काटा रुततो, कळत नाही. रात्री मुंग्या येतात म्हणून पाय गरम पाण्यात ठेवतात, भाजतो, तेही कळत नाही. हळद भरून आठ दिवस जातात. माणूस निजामाबादला पोचतो तेव्हा बोट काळं पडलेलं असतं.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना ओळखलं की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, न दुखणाऱ्या जखमांनी जातात. त्यातून मऊ एमसीआर रबराच्या चपला आल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच समज मधुमेहाच्या पायासाठी वापरली. म्हणजे ज्ञान भारतातल्या कुष्ठरुग्णांच्या पायातून निघालं आणि जगभरच्या मधुमेह्यांच्या पायात गेलं. आपल्या आरोग्य केंद्रांतले कुष्ठरोग कर्मचारी आजही बॉलपेन टेकवून तळव्याची संवेदना तपासतात आणि त्याच चपला वाटतात. पण शुगरवाल्याचा पाय त्यांच्या रजिस्टरात बसत नाही, कारण योजना वेगळी. दोन रजिस्टरं एका टेबलावर आणायला कोणत्या संशोधन निधीची गरज आहे, हे उद्याच्या चर्चासत्रात कुणीतरी मला समजावून सांगावं. विनोदाने म्हणत नाही.

आणखी एक स्थानिक गोष्ट. किनवट-माहूरच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे, आणि रक्तक्षय तर सगळ्या जिल्ह्यात. अशा रक्तात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी चकवते. शहरातला नियम इथे तसाच लावला तर कुणाला उगाच गोळी लागेल, कुणाची राहून जाईल. प्रयोगशाळावाल्या मित्रांसाठी यात दोन-चार वर्षांचं काम आहे.

समितीच्या वतीने आम्ही नुसतं मागणार नाही, देणारही आहोत. तालुक्यातल्या आम्ही काही औषध विक्रेत्यांनी ठरवलं आहे की महाविद्यालयाच्या नैतिकता समितीने रीतसर परवानगी दिली आणि गिऱ्हाइकांनी संमती दिली, तर जुन्या उधारीच्या वह्या नावं झाकून अभ्यासाला द्यायच्या. कोणत्या महिन्यात कोण थांबलं, कधी परतलं, कधी इन्सुलिनवर गेलं, कधी ड्रेसिंगचं सामान नेऊ लागलं, ते त्यांत तारखेनिशी आहे. अक्षर वाईट आहे, पण डॉक्टर मंडळींना त्याची अडचण येऊ नये.

व्यवस्थेबद्दल थोडकं. चहा बिनसाखरेचा आहे, साखर बाजूला ठेवली आहे, कोण घेतो ते आम्ही पाहणार नाही. जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. ठेचा जपून घ्या. सभागृहाच्या डाव्या हाताच्या खोलीत दोन्ही दिवस पायांची तपासणी चालू राहील, बोटाला टेकवायची नायलॉनची तार आणि रक्तप्रवाह तपासायचा डॉप्लर दोन्ही आहे. ती गावकऱ्यांसाठी आहे, पण पन्नाशी ओलांडलेल्या वक्त्यांनीही मोजे काढायला लाजू नये. तेलुगूत बोलणाऱ्या रुग्णांसाठी दोन कार्यकर्ते तिथे बसले आहेत. संध्याकाळी बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गाडी आहे, सहाला सुटेल, नावं दारावरच्या टेबलावर द्यावीत.

माझी वेळ संपल्याची चिठ्ठी केव्हाच आली आहे. अध्यक्ष महोदयांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो, आणि पहिल्या सत्रातल्या वक्त्यांनी पुढे यावं.