शिसं, स्मरण आणि आवळा

कुडाळजवळची पिंगुळी म्हणजे चित्रकथीचं गाव. सांगणाऱ्यासमोर चित्र आणि कथा सगळी तोंडपाठ! अशी स्मरणशक्ती पोखरणारा एक धातू रंगातही असू शकतो, तो म्हणजे शिसं. देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर शिशाचाच ऑक्साइड. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात २०१७पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, मर्यादा आहे. जुन्या दारा-खिडक्यांचे पोपडे मात्र त्याआधीचे.

शरीराला शिसं कॅल्शियमसारखंच भासतं. म्हणून ते मेंदूत शिरतं, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींचे संदेश अडवतं आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांनी हा ताण उतरला, स्मृतीचं नुकसानही कमी झालं. उंदरांवरच्या, बरं का! 'क' जीवनसत्त्वाचा आवळा खाल्ला म्हणून शेंदराचं बोट चाटायची मुभा मिळत नाही. अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, हे मात्र पक्कं. तेव्हा मुलांच्या ताटात नाचणीची भाकरी, पालेभाजी असू द्या. जुना रंग ओला करूनच खरवडा, मुलांना लांब ठेवून. शंका वाटली तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या.