गोधडीची शिवण : काही शब्द आणि रीती

वापरून मऊ झालेल्या सुती कापडांचे थर एकमेकांवर पसरून ते हातशिलाईने जोडले की जे अंथरूण-पांघरूण तयार होते, त्यास महाराष्ट्रात गोधडी म्हणतात. कोल्हापूरकडे त्यासाठी वाकळ हा शब्द रूढ आहे. रजई तिच्याहून वेगळी असते. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असल्यामुळे ती धुतल्यास कापसाचे गोळे होतात, तर गोधडीच्या पोटात कापडच असल्याने ती वरचेवर धुता येते.

गोधडीचे तीन भाग असतात : खालचे अस्तर, वरचे दर्शनी कापड आणि या दोहोंमधील भर. अस्तर आणि दर्शनी कापड यांसाठी पूर्वापार नऊवारी लुगडे वापरले जाते आणि त्यामागे सोयीचा हिशेब आहे. नऊ वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर; त्याचे चार सारखे तुकडे केले असता प्रत्येकाची लांबी दोन मीटरांहून किंचित अधिक भरते आणि दोन-दोन तुकडे काठाला काठ जोडले की एकाच लुगड्यातून गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात. भरीसाठी धोतरे, चादरी, सदरे असे विरलेले कापड चालते; मात्र कापडात नवा तुकडा मिसळायचा असल्यास तो आधी धुऊन घ्यावा लागतो, कारण तो नंतर आटला तर भोवतीच्या शिवणीला चुण्या पडतात.

अस्तर जमिनीवर ताणून पसरतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात आणि भरीचे तुकडे दुहेरी जाडी न होईल अशा बेताने मांडून वर दर्शनी कापड घालतात. यानंतरची पायरी टाचण्याची. टाचणे म्हणजे थर सरकू नयेत म्हणून लांब, कच्चे टाके घालणे. हे टाके मध्यापासून कडांकडे घातल्यास सुरकुत्या बाहेर सरकत जातात. पक्की शिवण पूर्ण झाल्यावर ते उसवून टाकतात.

पक्की शिवण धावदोऱ्याची असते. सुई सर्व थरांतून खाली-वर नेत सरळ रेषेत जे लहान टाके पडतात, त्यांना धावदोरा म्हणतात. सराव झालेला हात तीन-चार टाके सुईवर भरून मगच दोरा ओढतो. पुष्कळ ठिकाणी हा धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन करीत मध्याकडे जातो. अशा वेळी टाचण ढिले असल्यास मधोमध झोळ उरतो. दोन रांगांत सर्वसाधारणपणे एका बोटाचे अंतर ठेवतात. या दाट टाक्यांमुळे ओढ एकाच जागी न पडता सर्वत्र वाटली जाते आणि म्हणूनच एकेकटे सहज फाटेल असे जीर्ण कापडही गोधडीत अनेक वर्षे टिकते.

फाटक्या जागेवर जोडलेला तुकडा म्हणजे ठिगळ. त्याच्या कडा आत दुमडून शिवल्या नाहीत तर धागे सुटू लागतात. गोधडीच्या कडेवरून दोन्ही बाजूंना वळवून शिवलेली अरुंद पट्टी म्हणजे गोट. सर्वाधिक झीज कडेची होत असल्याने ही पट्टी झिजली की तेवढीच बदलता येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाची जी गोधडी शिवतात तिच्यात ठिगळ हीच मुख्य रचना असते : कडेपासून तुकडे जोडत आणि त्याच वेळी धावदोरा घालत त्या मध्यापर्यंत पोहोचतात व चार कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तुकडे बसवतात, ज्यांना फुले म्हणतात.

नवशिक्यांनी पूर्ण मापाची गोधडी हाती घेण्याआधी सुमारे एक मीटर चौरसाचे, तीन थरांचे बाळाचे दुपटे शिवून पाहावे. टाचण, धावदोरा आणि गोट या तिन्हींचा सराव त्यात होतो, आणि टाके प्रारंभी वाकडेतिकडे पडले तरी दुपट्याची ऊब त्यामुळे कमी होत नाही.