कळ उतरली म्हणजे विष उतरले काय?

(पोलादपूर येथील तालुका मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयपत्रिकेवर भाताचा भाव आहे, वीज आहे, रानडुकरांचा उपद्रव आहे. त्यात विंचवाचा विषय मी मुद्दाम घालून घेतला. तेव्हा दोघे-तिघे हसले. हसायला हरकत नाही; पण महाड-पोलादपूरच्या माणसाने विंचवाला हसणे जरा धाडसाचेच. पेंढा काढायचा, शेण्या रचायच्या, कौले परतायची, बांधाच्या दगडाला हात घालायचा. यातले कुठले काम आपण विंचवाची परवानगी घेऊन करतो?

प्रश्न विंचवाचा नाही, माणसाचा आहे. औषध आहे, दवाखाना आहे, १०८ नंबरची गाडी आहे. तरी रात्री पोराला विंचू चावला की काही घरांतून पहिली हाक भगताला का जाते? मंत्राने विष उतरते, यावर माणूस विश्वास का ठेवतो?

शहरातल्या विद्वानांकडे याचे उत्तर तयार असते : खेड्यातली माणसे अडाणी. या विद्वानांना मी एका तारखेची आठवण देतो. २१ सप्टेंबर १९९५. त्या दिवशी गणपती दूध प्यायला. पहाटे दिल्लीत सुरू झाले आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत वकील होते, इंजिनियर होते, बँकेचे साहेब होते. बातमी बैलगाडीतून गेली नाही, टेलिफोनवरून गेली. आणि त्या काळी टेलिफोन कुणाच्या घरात होता, ते तुम्हाला ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले की चमच्यातले दूध मूर्तीच्या अंगाला चिकटते आणि पातळ पापुद्र्याने खाली ओघळते. तोवर अर्ध्या देशाने दूध पाजून घेतले होते. तेव्हा अडाणीपणाचा मुद्दा इथेच मिटवू. अक्षर ओळखण्याचा आणि भलत्यावर विश्वास ठेवण्याचा फारसा संबंध नाही.

आता भगताचा जमाखर्च मांडू. शेतकऱ्याचा उत्पादनखर्च मांडताना आपण पै-पैचा हिशेब करतो, तसाच. समजा, एका खोऱ्यात वर्षाला शंभर जणांना विंचू चावला. त्यातले पुष्कळ विंचू काळे. त्यांच्या दंशाने कळ येते, हात-पाय सुजतो, माणूस रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. लाल विंचू चावला तरी दर वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. म्हणजे काहीही केले नाही तरी शंभरातले बरेच जण बरे होणारच असतात. हे सगळे भगताच्या खात्यावर जमा! त्याने फुंकर मारली, मुळी उगाळून लावली आणि सकाळी कळ गेली. ज्याची गेली तो पुढे दहा जणांना सांगतो. तो खोटे बोलत नाही, त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

आणि जो मेला त्याचे काय? त्याला उशिरा आणले, वाटेत विटाळ झाला, त्याची वेळच भरली होती. मेलेला माणूस चावडीवर येऊन आपला अनुभव सांगत नाही. भगताच्या वहीला जमेची पाने आहेत, खर्चाचे पानच नाही. अशा वहीवर आपल्या सोसायटीचा हिशेब कुणी ठेवला, तर आपण सचिवाला धारेवर धरू.

यातली सगळ्यात जीवघेणी गोष्ट पुढेच आहे. लाल विंचवाच्या विषात कळ हे खरे संकट नव्हे. खरे संकट घाम, उलट्या, लाळ आणि गार पडलेले हातपाय, या वाटेने येते. रक्तदाब चढतो, मग हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते, छाती भरून येते, तोंडाला फेस येतो. लहान पोरे यातच जातात. नुसती कळ असलेला माणूस ओरडतो आणि बहुधा वाचतो. घाम फुटलेले, गार पडलेले पोर कदाचित ओरडतही नाही. भगत विचारतो, 'कळ उतरली का?' पोर म्हणते, 'उतरली.' आणि सगळे घर निर्धास्त होते. चुकीच्या गोष्टीचे माप घेतले की नेमक्या धोक्याच्या वेळी माणूस गाफील राहतो.

आता दुसरी बाजू, कारण एकाच बाजूचा हिशेब मांडणे आपल्याला शोभत नाही. १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले. विंचवाचे रोगी यायचे, आणि त्यांना काय द्यायचे ते पुस्तकात नीट लिहिलेले नव्हते. जी इंजेक्शने द्यायची पद्धत होती त्यांचा उपयोग होत नव्हता, काहींनी उलट नुकसान होत होते. त्या काळात गंभीर झालेल्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस दगावत. मग मला सांगा, त्या वेळी डोंगरावरच्या वाडीतला बाप पोराला घेऊन भगताकडे गेला, तर त्याने कोणता मूर्खपणा केला? दवाखाना दोन डोंगर पलीकडे, रात्री गाडी नाही, आणि तिथे तरी औषध कुठे होते? भगत शेजारी होता, रात्री उठत होता, डोक्यावरून हात फिरवत होता, 'आधी का नाही आणलेस' म्हणून ओरडत नव्हता. विज्ञानाची जागा रिकामी होती, त्या जागेवर भगत बसला. रिकाम्या जागेवर कुणीतरी बसतेच.

बावस्करांनी काय केले? ते रोग्याच्या उशाशी बसले. तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, सारे लिहीत गेले. कोण मरतो आणि मरण्याआधी त्याच्या अंगात काय काय होते, याची नोंद ठेवली. म्हणजे भगताच्या वहीत जे पान नव्हते, तेच पान त्यांनी आधी उघडले. त्यांची ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. विष रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढवते, हे कळल्यावर प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. जिथे शंभरात पंचवीस-तीस जात होते, तिथे ही गोळी वेळेवर दिल्यावर मृत्यू एक-दोनावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते ठीकच झाले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की जगाला उपयोगी पडलेले हे काम आपल्या तालुक्यातल्या खाटांवर, आपल्याच माणसांच्या उशाशी झाले.

पुढे विंचवावरची लसही आली. ती आली म्हणून डोळे मिटून टोचली नाही. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडातच ७० रोगी घेतले. कुणाला नुसती गोळी आणि कुणाला गोळी अधिक लस, ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. लस मिळालेले लवकर बरे झाले. २०११ साली ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. हे शास्त्र आपल्याला परके आहे काय? कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे नवे बियाणे आले की आपण सगळ्या खाचरांत टाकत नाही. शेजारच्या खाचरात जुने ठेवतो, खत तेच, पाणी तेच, आणि झोडणीनंतर पायली मोजतो. विज्ञान म्हणजे एवढेच. डॉक्टर म्हणतो म्हणून खरे, असेही नाही. डॉक्टरांचीच जुनी इंजेक्शने मोजणीत नापास झाली, ती गेली.

हेच माप पाणाड्याला लावा. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे. बोअरला पैसे घालायचे म्हणजे छातीत धडधड. मग हातावर नारळ उभा राहतो, तिथे खड्डा. आपल्या पायाखालच्या लाव्हाच्या थरांना भूशास्त्रज्ञ जगभर 'पोलादपूर' याच नावाने ओळखतात. आंबेनळी घाट चढताना ते थर दिसतात. पाणी मुरते ते झिजलेल्या खडकात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. जुना पाणाड्या उतार बघतो, उंबर बघतो, उन्हाळ्यात हिरवे कुठे राहते ते बघतो. त्याची ही नजर खरी आहे, तिचा मी मान राखतो. नारळाला मात्र काही कळत नाही. खात्री करायची तर त्याच्याकडून पाच जागा दाखवून घ्या, मग डोळे बांधून त्याच शेतात पुन्हा फिरवा. नारळ त्याच पाच जागी उभा राहिला, तर पुढच्या मेळाव्यात त्याचा सत्कार करू.

तेच नव्या बुवांचे. सूर्योदयाला होम करा, ती राख शेतात टाका, खत नको, असे सांगणारे येतात. राख वाईट असे मी कसे म्हणू? आपण पिढ्यानपिढ्या राब भाजतो. राखेत पालाश आहे, भाजल्याने तण मरते. म्हणून तीन वाफे करा. एकात काही नको, दुसऱ्यात चुलीची राख, तिसऱ्यात होमाची. तिसऱ्याने दुसऱ्याला मागे टाकले तर बोलू. आज मोबाइलवर जे फिरते, त्यात तर शास्त्रीय शब्दांचीच फोडणी असते. बाटलीवर जितके अवघड नाव, तितकी किंमत जास्त.

लोक तिकडे वळतात त्याला आणखी एक कारण आहे आणि ते तज्ज्ञांनी ऐकावे. सावित्रीच्या पाण्याला घाण वास येत असताना 'सर्व काही मर्यादेत आहे' असा कागद ज्याच्या हाती दिला जातो, तो माणूस पुढच्या कागदावर विश्वास ठेवत नाही. मग तो कागद खरा असला तरी. कागदाने नाकाला एकदा खोटे पाडले की पुढे लसीचा कागदही मार खातो.

कायदा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. कायदा हवाच. पण कायदा रात्री दोन वाजता केवनाळ्याच्या वाडीत गाडी घेऊन येत नाही. म्हणून आपली मागणी सरळ आहे : तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात प्राझोसिन, विंचवाची लस, सापाची लस आणि रात्री जागा असणारा डॉक्टर. मांत्रिकाला शिव्या देण्यापेक्षा ही मागणी धरून बसणे अवघड आहे, म्हणून ती फारसे कुणी करत नाही.

आपल्याकडूनही एक काम. विंचू चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. वेळ लिहा आणि निघा. घाम, उलटी, गार हातपाय दिसले, किंवा चावलेले मूल लहान असले, तर कळ उतरेपर्यंत थांबू नका. भगताला फुंकर मारायचीच असेल तर गाडीत बसून मारू दे, गाडी थांबवायची नाही.

आणि प्रत्येक वाडीत एक वही. कुणाला चावले, केव्हा, आधी कुठे नेले, दवाखान्यात किती वाजता पोचले, पुढे काय झाले. जगलेला लिहायचा, गेलेलाही लिहायचा. उमरठ, साखर, ओंबळी, केवनाळे, इथली मंडळी आज आलेली दिसतात. वही कोण लिहिणार त्यांची नावे जेवणाआधी सांगा. बचत गटाच्या बायका हिशेब चोख ठेवतात, माझे मत त्यांच्या बाजूने आहे. पुढच्या मेळाव्यात भाताच्या भावाआधी या वह्या वाचू.