पत्ता देणारा आणि पत्ता पोहोचविणारा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शेती, इतिहास अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आजचा आमचा विषय रुक्ष आहे. कार्यालयातील संगणकांना जोडणाऱ्या स्विच नावाच्या पेटीचे फर्मवेअर बदलले आणि दुसऱ्या दिवशी संगणकांना पत्ते मिळेनासे झाले, तर दोष कोठे आणि कसा शोधावा, हा तो विषय. हे तंत्रज्ञांचे काम, त्यात आम्हांला काय, असे कोणी म्हणेल. पण खिडकीवरून ऐकू येणारे 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य येथे कोणी ऐकले नाही? आष्टीचा किंवा धारूरचा माणूस एस.टी.चे भाडे भरून, दिवसाची मजुरी बुडवून बीडला येतो आणि हे वाक्य ऐकून परत जातो. रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर हेच घडले तर प्रश्न केवळ मजुरीचा राहत नाही. आणि गंमत अशी की पुष्कळ वेळा सर्व्हर धडधाकट असतो. बिघाड मधल्या पेटीत असतो. नाव एकाचे आणि दोष दुसऱ्याचा! म्हणून हा विषय नागरिकांनीही समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संचार मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. बीडचा क्रमांक ४३११२२, परळीचा ४३१५१५, अंबाजोगाईचा ४३१५१७. पहिले तीन आकडे टपालाची छाननी कोठे व्हावयाची ते सांगतात, उरलेले तीन प्रत्यक्ष टपाल कचेरी दाखवितात. आता आष्टी पाहा: ४१४२०३. पाटोदा: ४१४२०४. हे दोन्ही तालुके बीड जिल्ह्यातले, पण त्यांचे आकडे सुरू होतात ते पूर्वीच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या ४१४ ने. कारण पिनकोड महसुली शीव पाहत नाही, टपालाची वाट पाहतो. संगणकाच्या पत्त्याचेही हेच सूत्र आहे. १९२.१६८.१०.२५ असे चार आकडे त्यात असतात. पुढचा भाग कोणत्या जाळ्यातला ते सांगतो, शेवटचा भाग त्या जाळ्यातले यंत्र दाखवितो. पुढचा भाग चुकला की पत्र भलत्याच गावी जाते.

हा पत्ता यंत्राला कोण देतो? प्रत्येक यंत्रात तो हाताने भरता येतो. परंतु यंत्रे शंभर असली की ते काम किचकट होते आणि एकच पत्ता दोघांना दिला जाण्याचा संभव वाढतो. म्हणून १९९३ साली डीएचसीपी नावाची रीत ठरली आणि १९९७ साली तिला आजचे रूप आले. ती समजावयास परळीच्या वैजनाथाला आलेल्या यात्रेकरूची उपमा पुरेशी आहे. तो धर्मशाळेच्या अंगणात उभा राहून हाक मारतो, 'खोली मिळेल का?' व्यवस्थापक म्हणतो, 'सात नंबरची देता येईल.' यात्रेकरू म्हणतो, 'मग तीच द्या.' व्यवस्थापक नोंद करून सांगतो, 'दिली, तीन दिवसांसाठी.' संगणक आणि सर्व्हर यांच्यात नेमकी ही चार वाक्ये होतात, आणि पत्ताही असाच मुदतीने मिळतो. अर्धी मुदत सरली की संगणक आपण होऊन मुदतवाढ मागू लागतो.

मग या कथेत स्विच कोण? स्विच हा धर्मशाळेचा द्वारपाल. तो सहसा खोल्या देत नाही. हाक आत पोहोचविणे आणि उत्तर बाहेर आणणे एवढेच त्याचे काम. पत्ता देणारा निराळा आणि पत्ता पोहोचविणारा निराळा, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. दोघांपैकी कोण चुकला हे ठरविल्यावाचून हातात पाना घेऊ नये.

फर्मवेअर म्हणजे या द्वारपालाला पढवून ठेवलेले नियम. कंपनी वेळोवेळी त्यांत सुधारणा करते, सुरक्षिततेची भोके बुजविते. म्हणून ते बदलणे आवश्यकच असते. पण बदलल्यावर काही बिघडले की सारा दोष नव्या फर्मवेअरवर टाकण्याची घाई होते. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. फर्मवेअर बदलताना स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुष्कळ स्विचांत चालू मांडणी एका ठिकाणी असते आणि जपून ठेवलेली मांडणी दुसऱ्या ठिकाणी. वर्षभरापूर्वी कोणी एखादा बदल केला आणि तो जपून ठेवावयाचा राहिला, तर स्विच चालू असेतो कोणाला कळत नाही. पुन्हा सुरू झाला की तो बदल नाहीसा. अशा वेळी दोष आजच्या फर्मवेअरचा नसून वर्षापूर्वीच्या विसरण्याचा असतो. वीज जाऊन आली असती तरी हेच घडले असते, आणि आपल्या मराठवाड्यात वीज जाऊन येणे म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा: बिघाड बदलण्याने झाला, की पुन्हा सुरू होण्याने?

दुसरे चमत्कारिक लक्षण असे की सर्वच यंत्रे एकदम अडत नाहीत. ज्या संगणकाची मुदत शिल्लक आहे, तो जुन्याच पत्त्यावर बहुधा चालत राहतो. मुदत संपली की तो अडतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळात ८ दिवसांची ठेवलेली असते. म्हणजे रविवारी केलेल्या कामाचे फळ गुरुवारीही दिसू शकते, आणि तोवर रविवार कोणाच्या लक्षात नसतो! 'माझे चालते, तुझेच का चालत नाही' हा वाद म्हणून निरर्थक आहे.

आता अडलेल्या संगणकासमोर बसू. त्याला कोणता पत्ता मिळाला आहे एवढे पाहिले तरी निम्मे निदान होते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजावे की त्याच्या हाकेला कोणी उत्तर दिले नाही आणि त्याने आपला आपणच तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे. यात्रेकरू अंगणातच पथारी पसरून बसला आहे. पत्ता मिळाला, पण आपल्या कार्यालयाच्या मालिकेतला नाही, तर दोन शक्यता राहतात. एक, त्या संगणकाचे पोर्ट भलत्याच विभागात गेले आहे. दोन, दुसराच कोणी खोल्या वाटीत बसला आहे. कोणीतरी घरचा राउटर आणून भलत्या भोकात जोडलेला असतो. पत्ता योग्य मालिकेतला असूनही काम होत नसेल, तर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला दिला गेला आहे का, आणि बाहेर पडण्याच्या दाराचा, म्हणजे गेटवेचा, पत्ता बरोबर आहे का, ते पाहावे.

समजा, १६९.२५४ दिसले. मग एका संगणकाला, दुसऱ्या कोणाकडे नाही अशी खात्री करून, योग्य मालिकेतील पत्ता हाताने भरावा. काम सुरू झाले तर केबल आणि वाट शाबूत आहे, केवळ पत्ते देण्याचा व्यवहार तुटला आहे. काम सुरू झाले नाही तर पत्त्याचा विचार बाजूला ठेवून आधी केबल, पोर्ट आणि विभाग तपासावेत. पाच मिनिटांची ही परीक्षा पाच तासांची वणवण वाचविते. परीक्षा झाली की हाताने भरलेला पत्ता आठवणीने काढावा. नाहीतर तोच पुढे नवी भांडणे लावतो.

त्यानंतर सर्व्हरची नोंदवही उघडावी. अडलेल्या संगणकाची हाक तेथे पोहोचली आहे काय? पोहोचलीच नसेल तर दोष जाण्याच्या वाटेवर आहे. हाक पोहोचली, पण देण्यास खोलीच शिल्लक नाही अशी नोंद असेल, तर दोष सर्व्हरवरच्या मर्यादेचा आहे, स्विच निर्दोष आहे. हाक पोहोचली, सर्व्हरने उत्तरही पाठविले, पण संगणकाला ते मिळाले नाही, असे दिसले तर दोष येण्याच्या वाटेवर आहे. चार वाक्यांपैकी कोणत्या वाक्यावर संभाषण तुटले हे कळले, की शोधाचे क्षेत्र एका पेटीपुरते उरते.

जाण्याच्या वाटेवर बहुधा दोन गोष्टी सापडतात. मोठ्या कार्यालयात एकाच स्विचचे विभाग पाडलेले असतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. लेखा विभागाची हाक दुसऱ्या विभागातील सर्व्हरला आपोआप ऐकू जात नाही. मधे निरोप्या नेमावा लागतो. ती नेमणूक पुसली गेली किंवा पोर्टाचा विभाग बदलला, तर एका विभागातील सारी यंत्रे अडतात आणि शेजारचा विभाग सुखाने चालतो. दुसरी गोष्ट वेळेची. संदेश जाळ्यात गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून स्विच, केबल जोडताच, जुन्या पद्धतीप्रमाणे सुमारे ३० सेकंद पोर्ट अडवून ठेवतो. संगणकाच्या पोर्टांना यातून सूट देता येते. ती सूट गेली की संगणक दार उघडण्यापूर्वीच हाका मारून थकतो. मिनिटभराने पुन्हा पत्ता मागितल्यावर तो मिळत असेल, तर हेच कारण समजावे.

येण्याच्या वाटेवर मुख्य संशयित एक: डीएचसीपी स्नूपिंग. भलत्याने खोल्या वाटू नयेत म्हणून द्वारपालाला ताकीद देता येते की अमुक दारातून आलेलेच उत्तर खरे मानावे, बाकीची फेकून द्यावीत. ही सोय उत्तम आहे. पण सर्व्हरकडचे पोर्ट विश्वासाचे म्हणून नोंदलेले नसेल, तर खऱ्या व्यवस्थापकाचे उत्तरही फेकले जाते. फर्मवेअर बदलल्यावर ही सोय चालू आहे काय, आणि चालू असल्यास विश्वासाचे पोर्ट कोणते, हे अवश्य पाहावे. उपाय सोय बंद करण्यात नाही, योग्य पोर्टावर विश्वास नोंदविण्यात आहे.

कधी कधी खुद्द स्विचच आपला पत्ता विसरतो. मांडणी पुसली जाऊन तो कारखान्यातल्या मूळ स्थितीला गेला, तर त्याचा जुना पत्ता नाहीसा होतो. काही जातीचे स्विच तेव्हा कारखान्याने ठरविलेल्या पत्त्यावर जाऊन बसतात. काही स्वतःच सर्व्हरकडे पत्ता मागतात. तंत्रज्ञ जुन्या पत्त्यावर हाका मारतो आणि पेटी मेली म्हणून नवी मागवितो. वस्तुतः ती जिवंत असते, केवळ घर बदललेले असते. तिच्या अंगावरच्या कन्सोल पोर्टात केबल लावून थेट विचारावे. म्हणून ती केबल कपाटात असलीच पाहिजे.

एकंदर पथ्य असे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झाले, तर रोग बरा झाला पण कळला नाही. तो पुन्हा येणार. बदलण्यापूर्वी मांडणीची प्रत स्विचच्या बाहेर काढून ठेवावी. कंपनीने नव्या फर्मवेअरसोबत दिलेले टिपण आधी वाचावे. कोणता नियम बदलला ते बहुधा त्यात असते. सर्व स्विच एका रात्रीत न बदलता आधी एक बदलावा, चार दिवस पाहावा, मग पुढचे. हे काम बाजाराच्या दिवशी करू नये, आणि विजेचा भरवसा केल्याशिवाय तर मुळीच करू नये. नवे फर्मवेअर लिहिले जात असता वीज गेली तर पेटी निकामी होण्याची भीती असते. बऱ्याच स्विचांत जुने फर्मवेअर शेजारी जपलेले असते. गरज पडल्यास परत जाण्याची ती वाट आधीच पाहून ठेवावी.

आणि शेवटची गोष्ट, जी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आपल्या अकरा तालुक्यांत बहुतेक ठिकाणी हे जाळे उभारून देणारा माणूस पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येतो, काम करतो आणि निघून जातो. कोणते पोर्ट कोणत्या विभागाचे, सर्व्हर कोठे, निरोप्या कोण, हे सारे त्याच्या डोक्यात राहते. तो फोनवर भेटला तर रुग्णालयाची खिडकी उघडते, न भेटला तर मिटते. हे परावलंबन पैशाने सुटणारे नाही, ते वहीने सुटेल. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर लिहून ठेवले. आपल्याला दोनशे पानी वही पुरे आहे. प्रत्येक स्विचचे नाव, पत्ता, पोर्टांची यादी, बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव, हे सारे आपल्या मराठीत, दुसऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात लिहावे आणि कार्यालयाच्या कपाटात ठेवावे. काम घेणाऱ्याचे अखेरचे बिल ही वही पूर्ण झाल्यावरच द्यावे.

आणि आपण नागरिकांनी काय करावे? 'सर्व्हर डाऊन आहे' असे ऐकल्यावर निमूट परत न फिरता नम्रपणे एवढेच विचारावे: 'साहेब, सर्व्हर बंद आहे, की तुमच्या यंत्राला पत्ता मिळालेला नाही? आणि वही कोठे आहे?' हा प्रश्न जिल्ह्यातल्या दहा खिडक्यांवर विचारला जाऊ लागला, तर वह्या लिहिल्या जातील, आणि धारूरच्या माणसाची दुसरी फेरी वाचेल.