हिरड्याचा रंगपाठ



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, आहुप्यापासून घाटघरापर्यंत, हिरड्याचे झाड न ओळखणारे मूल विरळा. कोवळी फळे उन्हात वाळविली म्हणजे बाळहिरडा होतो, व त्याच्या विक्रीवर अनेक महादेव कोळी कुटुंबांचा पावसाळ्यापूर्वीचा खर्च भागतो. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा ह्या झाडावर किती घरे विसंबून आहेत हे सर्वांस दिसले. परंतु हिरड्याचे पुढे काय होते, हे हिरडा वेचणाऱ्या मुलास शाळेने क्वचितच सांगितले असेल.

हिरडा औषधात पडतो, तसाच कातडी कमावण्यास व कापड रंगविण्यासही लागतो. कारण त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य होय. सुती धागा झाडपाल्याचा रंग सहसा धरून ठेवीत नाही. टॅनिन धाग्यास चिकटते, टॅनिनास तुरटीतील ॲल्युमिनियम, आणि त्यास रंग. ही साखळी मुलांस फळ्यावर काढून दाखवावी व मग हाताने पडताळू द्यावी.

कृती सोपी आहे. जुने सुती कापड साबणाने स्वच्छ धुवावे. कोरड्या कापडाच्या १०० ग्रॅमला २० ग्रॅम हिरडापूड घ्यावी. ३५ ग्रॅम कापडास किती, हे गणित मुलांनीच सोडवावे. पूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजत ठेवावे, पिळून सावलीत वाळवावे. नंतर तितकीच तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते बुडवावे. फाल्गुनात जमिनीवर गळलेली पळसाची फुले अर्धा तास उकळून गाळली की पिवळा रंग मिळतो. त्यात तीन तुकडे सोडावेत : एक कोरा, एक केवळ हिरड्याचा, एक हिरडा व तुरटीचा. हिरड्याचा चौथा तुकडा हिराकसाच्या पाण्यात घातला, तर तो करडा-काळा होतो. सर्व तुकडे धुऊन त्यांतील फरक मुलांनी वहीत नोंदवावा. पुढे प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून आठ दिवस उन्हात ठेवावा. पळसाचा रंग उन्हात फिकटतो. ते लपवू नये, कारण खरी नोंद हाच ह्या पाठाचा गाभा होय.

उकळते पाणी व हिराकस शिक्षकानेच हाताळावे. भांडी स्वयंपाकाची नसावीत, आणि उरलेले पाणी विहिरीत वा ओढ्यात जाऊ देऊ नये.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. ऐन, बाभूळ यांच्या सालीतही टॅनिन असते. पण खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही व झाड मरते. म्हणून गळलेली फुले व घरच्या बांधावरील फळे एवढेच घ्यावे. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यातून शाळेने काहीही गोळा करू नये.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन ह्या रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम जांभळा रंग शोधला. पुढच्या अर्धशतकात झाडांचे रंग बाजारात मागे पडले. ते पुन्हा बाजारात आणणे हे शाळेचे काम नव्हे. आईबापांच्या पाटीतील हिरड्यात विज्ञान आहे, हे मुलास कळावे. ज्या वर्गात घरच्या श्रमास असे स्थान मिळते, तो वर्ग मुलास परका वाटत नाही.