नागपूरच्या वाड्यांतील वारसा

घरांतील कर्ता पुरुष जातो. तेरावा उरकतो. मग ट्रंका, कपाटें, जुन्या वह्या धुंडाळल्या जातात, आणि मृत्युपत्र कोठेंच सांपडत नाहीं. अशा घरांत पहिला प्रश्न निघतो तो वांट्याचा. वस्तुतः त्याच्या आधींचा प्रश्न निराळा आहे: मागें राहिलेल्या चीजवस्तूंत मृताच्या मालकीचें काय, आणि त्याच्याकडे केवळ सांभाळण्यासाठीं असलेलें काय? हा निवाडा परक्याच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, हें नागपूरनें एकदां पाहिलें आहे.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. त्यांस पुत्र नव्हता आणि हयातींत त्यांनीं दत्तकही घेतला नव्हता. आपल्या मागें कोण, हें ते सांगून गेले नाहींत. नात्यांतील यशवंतराव यांस दत्तक मानावें, हा राजघराण्याचा आग्रह. दुसऱ्या रघूजींच्या विधवा, वृद्ध बाकाबाई, या आग्रहाच्या पाठीशीं होत्या. रेसिडेंट मॅन्सेल यांचा कलही घराण्याकडे होता. कलकत्त्याच्या कौन्सिलांत जॉन लो यांनीं खालसा करण्यास विरोध नोंदविला. परंतु लॉर्ड डलहौसी यांनीं वारस नाहीं असें ठरविलें, आणि १८५४ मध्यें राज्य खालसा झालें.

मग जामदारखान्याची पाळी आली. राण्यांच्या इतमामास पुरेल तेवढें त्यांस द्यावें, उरलेलें विकावें आणि आलेल्या पैशाचा भोसले कुटुंबासाठीं फंड करावा, असें सरकारनें ठरविलें. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलांवांत निघाले. जवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. पैसा कुटुंबासाठींच होता हें खरें. पण काय ठेवावें व काय विकावें, हें ठरविण्याचा हक्क कुटुंबास उरला नाहीं. १८५७ च्या बंडानंतर सरकारनें यशवंतरावांस जानोजी भोसले म्हणून मान्यता दिली आणि देऊरचे राजे ही पदवी बहाल केली. वारस मान्य झाला. विकलेल्या वस्तू मात्र परतल्या नाहींत.

आजच्या गृहस्थाचें भाग्य असें कीं, त्याच्या मौनाचा अर्थ कायदाच लावतो. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यान्वयें मृत्युपत्राविना वारलेल्या पुरुषाची विधवा, त्याचे मुलगे, मुली आणि आई यांस सारखा वांटा मिळतो. वडिलार्जित मिळकतींतून मात्र मृताचा हिस्सा आधीं वेगळा काढावा लागतो, आणि २००५ पासून तींत मुलगीही जन्मतः हिस्सेदार आहे. बँकेंतील ठेवीवर ज्याचें नांव नामनिर्देशनांत आहे, तो रक्कम घेऊं शकतो. मालक ठरत नाहीं. ठेवींविषयीं २०१० मध्यें आणि कंपन्यांच्या शेअरांविषयीं २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हेंच सांगितलें. सातबाऱ्यावरील फेरफारही महसुलापुरता. त्यानें मालकी ठरत नाहीं. ठेवी व रोखे वसूल करण्यास लागणारें उत्तराधिकार प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयाकडून मिळतें.

परंतु न्यायालयास वांटे ठाऊक असतात, घर ठाऊक नसतें. आजोबांचें घड्याळ कोणी दुरुस्तीस नेलें, बहिणीचें स्त्रीधन कोणत्या पेटींत आहे, शेजाऱ्याचें उसनें किती, हें घरच्यांसच सांगतां येतें. म्हणून कुलपें उघडण्यापूर्वीं सर्व वारसांनीं एकत्र बसावें, लेकीसुनांनाही बोलवावें, एकेक वस्तु पाहून याद करावी, आणि तिच्यावर सर्वांनीं सह्या कराव्या. देणीं आधीं, वांटे मागाहून. तोंवर एकही डाग घराबाहेर जाऊं नये.